मुक्काम पोस्ट : चाकावरच्या घरांचा मराठवाडी इतिहास

मराठी माणूस गावचा पत्ता लिहितो तेव्हा सुरुवात 'मु. पो.' अशी करतो. 'मुक्काम' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ, थांबण्याची जागा. प्रवासात रात्र काढायला जिथे उतरायचे तो मुक्काम. पिढ्यान् पिढ्या एकाच वाड्यात राहणारा शेतकरीसुद्धा पत्त्यात आपण इथे मुक्कामाला आहोत असेच लिहून देतो. 'मजल दरमजल' यातली मजल म्हणजे मंजिल, एका दिवसाची वाट. कूच, डेरा, कनात, राहुटी, शामियाना, छावणी, सफर, सराई हे शब्द आज परके वाटत नाहीत. हा शब्दसाठा दख्खनमध्ये कित्येक शतके चाललेल्या फिरत्या जगण्याची खूण आहे.

हे आठवण्याचे कारण असे की 'कॅराव्हॅन' नावाची गोष्ट आता महाराष्ट्रात आली आहे. पलंग, ओटा, फ्रिज आणि संडास असलेली गाडी घ्यायची, कुटुंबाला बसवायचे आणि निघायचे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्याच्या जाहिराती पाहिल्या की एक गंमत दिसते. गाडी नवी असते, पण विकली जाते ती जुन्या आठवणीवर. बैलगाडीतून आजोळी जाण्याची, वाटेत चूल मांडण्याची, झाडाखाली निजण्याची आठवण. सोय आजची आणि हुरहूर कालची, असा हा सौदा आहे.

शब्दाचा प्रवासही तितकाच मजेशीर. 'कारवान' हा फारसी शब्द. उंटांचा, व्यापाऱ्यांचा एकत्र चालणारा तांडा म्हणजे कारवान. युरोपात जाऊन त्याचा अर्थ बदलला आणि तो चाकावरच्या घराला लागला. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोड्यांची गाडी बनवून घेतली. हौसेखातर फिरायला बांधलेले ते पहिले चाकावरचे घर मानले जाते. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. इंग्लंडच्या रस्त्यांवर रोमानी लोकांची घरगाडी त्याने पाहिली होती, आणि रोमानींची मुळे भाषाशास्त्राने हिंदुस्तानात नेऊन पोचवली आहेत. म्हणजे शब्द इराणचा, नमुना हिंदुस्तानातून गेलेल्या भटक्यांचा, हौस इंग्रजांची, आणि आता सगळे मिळून 'कॅराव्हॅन' या नावाने परत आपल्या दारात. नांदेड-लातूरच्या लोकांनी तरी या पाहुण्याला अनोळखी समजू नये. चाकावरची, पाठीवरची आणि खुंट्यांवरची घरे या मुलखाने भरपूर पाहिली आहेत.

चालती राजधानी

सर्वात मोठे फिरते घर अर्थातच बादशहाचे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या छावणीचा हिशेब देऊन ठेवला आहे. एक छावणी वाहून न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. १,००० फर्राश, ५०० वाटाडे-बेलदार, १०० भिस्ती, ५० सुतार, ३० चामड्याचे कारागीर आणि १५० झाडूवाले वेगळेच. छावणीच्या मध्यभागी उंच खांबावर एक दिवा टांगलेला असे. त्याला आकाशदिया म्हणत. अंधारात चुकलेल्या माणसाला आपला डेरा कुठे आहे ते त्यावरून कळे.

बादशहाला तंबू उभा होईपर्यंत ताटकळावे लागू नये म्हणून सगळे सामान दुहेरी असे. एक संच आजच्या मुक्कामावर, दुसरा पुढच्या मुक्कामाकडे आधीच निघालेला. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. बादशहा पोचला की घर तयार. जिथे गेला तिथे तेच घर, तेच दालन, तीच खोली. आजचे कॅराव्हॅनवाले हेच विकतात की, जागा बदला पण घर बदलू नका.

बादशहाची गोष्ट वेगळी. साध्या प्रवाशाची सोय काय होती ते पाहायचे तर फ्रान्स्वा बर्नियेचे पत्र वाचावे. औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासात १६६४च्या डिसेंबरात तो सामील झाला आणि निघताना त्याने सामानाची यादीच दिली. मध्यम आकाराचा तंबू, चटई, गादी, उशी, जेवायला अंथरायचे गोल चामडे, स्वयंपाकाची भांडी भरलेल्या लहान पिशव्या, पाच-सहा दिवसांचा तांदूळ, बडीशेप आणि साखर घातलेली गोड बिस्किटे, सरबतासाठी लिंबे आणि साखर. या यादीत एक कापडी पिशवीही आहे, लोखंडी आकडा लावलेली. ती दही टांगून त्यातले पाणी गाळायला. आपल्या आयाबाया चक्का बांधतात तीच युक्ती एक फ्रेंच डॉक्टर मोगल छावणीत शिकला होता. राजवाड्यांचे वर्णन पुष्कळांनी केले. दह्याची पिशवी टिपणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

हाच औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि परत गेला नाही. पुढची पंचवीस वर्षे साम्राज्याची राजधानी जवळपास तंबूतच होती. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने १६९५ मध्ये गलगली येथील छावणी पाहिली. तिथे अडीचशे बाजार होते असे तो सांगतो. १७०७ मध्ये अहमदनगरला बादशहाचा शेवट झाला तोही मुक्कामावरच. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा बहादूरशहा भावाशी लढायला हैदराबादेकडे निघाला. त्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. छावणी पुढे गेली, गुरू गोदाकाठी राहिले, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये इथेच त्यांचे देहावसान झाले. आज नांदेडची जगभर जी ओळख आहे, तिची सुरुवात एका फिरत्या छावणीच्या मुक्कामातून झाली.

छावणी म्हटली की आपल्याला बादशहा, सरदार आणि हत्ती आठवतात. ते हजार फर्राश कुठे गेले? फर्राश म्हणजे तंबू ठोकणारा, जाजम अंथरणारा. फरास हे आडनाव महाराष्ट्रातल्या मुसलमानांत आजही आहे. भिस्ती आहेत. छप्परबंद नावाची जमात आहे. मोगल फौजेसाठी मुक्कामावर गवताची छपरे शाकारणारे ते छप्परबंद, असे त्यांची परंपरा सांगते. फौजा संपल्या आणि छपरे शाकारायला कोणी बोलावेना. पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला त्यांत छप्परबंदही आले. ज्यांच्या हातांनी बादशहाला वाटेत घर मिळत होते, त्यांचे स्वतःचे घर नसणे हा गुन्हा ठरला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत मुसलमानांसह छप्परबंद असा उल्लेख आज आहे. मुसलमान समाजाचा इतिहास म्हणजे फक्त नवाब-निजामांचा इतिहास असे ज्यांना वाटते, त्यांनी ही यादी एकदा चाळावी.

चार तांडे, एक नदी

हिऱ्यांचा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याला जात असे. त्याच्या वाटेतल्या मुक्कामांच्या यादीत 'नादेर' हे नाव येते. ते आपले नांदेड. इथे नदी ओलांडावी लागते आणि गाडीमागे पैसे भरावे लागतात, असे तो बजावतो. टोलनाका नांदेडला नवा नाही!

त्याने प्रवासी गाडीचेही वर्णन केले आहे. दोन माणसे बसतील एवढी हलकी गाडी, वर छत, बाजूंना पडदे, आत गाद्या आणि ओढायला बैल. बैलांना रात्री गव्हाच्या पिठात लोणी आणि गूळ मळून केलेले गोळे चारत. इंजिनाची काळजी माणसाने नेहमीच घेतली आहे.

पण ताव्हेर्नियेला खरे आश्चर्य वाटले ते बंजाऱ्यांचे. दहा-बारा हजार बैल एका वेळी चालताना त्याने पाहिले. धान्य, तांदूळ, डाळ आणि मीठ यांपैकी एकेक माल वाहणारे त्यांचे चार मोठे गट असल्याचे तो लिहितो. हे लोक घरात कधी राहत नाहीत, बायका-मुलांसह जन्मभर तंबूतच असतात, हेही त्याने नोंदवले. बंजारा इथे फिरायला निघालेला नव्हता. त्याचे घरच फिरत होते. तांडा म्हणजे गाव, फक्त त्याला पाय होते. फौजांना धान्य तेच पुरवत. किनाऱ्याचे मीठ मराठवाड्यासारख्या आतल्या मुलखात त्यांच्याच गोण्यांतून पोचे.

मग रेल्वे आली. मालगाडीसमोर बैलाची पाठ टिकणार नव्हती. तांडे थांबले आणि जिथे थांबले तिथे गावकुसाबाहेर वस्ती झाली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आज कितीतरी वस्त्यांच्या नावापुढे 'तांडा' लागते. चालण्यासाठी असलेला शब्द न हलणाऱ्या वस्तीला चिकटून राहिला. आणि या चालणाऱ्या समाजाला सीमा आडव्या आल्या त्या अशा की महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. देगलूर किंवा बिलोलीहून सीमेचा दगड ओलांडला की त्याच माणसाचा, त्याच बोलीचा, त्याच गाण्याचा सरकारी खण बदलतो.

दमणी, पडदा आणि गादी

आमच्या भागातल्या लोकांच्या मनातली खरी आठवण बादशहाची नाही की बंजाऱ्याचीही नाही. ती छकड्याची आणि दमणीची आहे. लाकडी साटा, वर बांबूच्या तट्ट्याची कमान, खाली कडबा किंवा गवत, त्यावर गादी. पुढे लाल कंधारी किंवा देवणी बैलांची जोडी. या दोन्ही जातींची नावे आपल्याच गावांवरून पडली आहेत. एक नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची, दुसरी लातूर जिल्ह्यातल्या देवणीची. मोटारींचे शौकीन जसे मॉडेलवर वाद घालतात, तसे देवणीचे जाणकार वानेरा, बाळंक्या आणि शेवरा यांवर वाद घालत.

या गाड्या निघत त्या माळेगावच्या यात्रेला, उरुसाला, लग्नाला आणि माहेराला. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. जनावरांचा बाजार मोठा, त्यामुळे लोक चार-आठ दिवस पाल ठोकून राहत. कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांची दर्गा आहे. सय्याह म्हणजे सफर करणारा, प्रवासी. ज्याच्या नावातच भटकंती आहे अशा सुफीच्या उरुसाला माणसे आपापले घर गाडीत भरून जात. लातूरला सुरतशाहवलींच्या उरुसालाही तेच. हा सुफी लातूरच्या मातीत राहिला.

गाडीत काय असे? पाण्याची सुराही, बधना, जानमाज, पितळी डबे, ज्वारीचे पीठ, तिखट-मीठ. पहिल्या दिवशीचा तोशा म्हणजे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि सुकवलेले मटण. दुसऱ्या दिवसापासून तीन दगडांची चूल. ही सगळी सोय कुणाच्या हातची, तेही पाहावे. गादीचा कापूस पिंजाऱ्याने पिंजलेला. बैलाच्या खुराला नाल नालबंदाने ठोकलेली. पितळी डब्याला कलई कलईगराने केलेली. यात्रेत बांगड्या भरणारा मनियार. या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने होते, आणि खंडोबाच्या यात्रेला निघालेली गाडीही त्यांच्याच हातांवरून जात होती. गावगाड्यातले मुसलमान म्हणून ज्यांच्याबद्दल बोलले जाते ते हेच लोक.

आणि पडदा. कमानीच्या पुढच्या-मागच्या बाजूला चादर बांधली की गाडीचा जनानखाना होई. आत चार बायका आणि मुले. पडद्यातल्या बायकांसाठी गावाबाहेरचे जग हेच, चादरीच्या फटीतून दिसणारे. आज त्या प्रवासाच्या गोड आठवणी सांगणारे बहुतेक जण तेव्हा पुढे गाडीवानाशेजारी बसलेले मुलगे होते. त्यांना वारा लागत होता. आतल्या बाईला मजलभर लघवीला उतरता येत नव्हते, पाणी बेताने प्यावे लागे, आणि मुक्कामावर सगळ्यात आधी चूल तीच पेटवी. 'काय ते दिवस होते' या वाक्यात ती बाई सहसा नसते. कॅराव्हॅनमधल्या छोट्याशा संडासाला कुणी चैन म्हणत असेल तर म्हणो. त्या बाईला विचारले असते तर तिने अख्खी गाडी सोडून तेवढाच एक कोपरा मागितला असता.

शरीयतची सवलत

सफर कष्टाची असते हे धर्मानेही ओळखले आहे. मुसाफिराने चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच पढायच्या. त्याला कस्र म्हणतात. रमजानचा रोजा सफरीत सोडून नंतर भरून काढता येतो. चामडी मोज्यांवर ओला हात फिरवून वजू पुरा करण्याची मुभा घरी असलेल्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. पाणी नसेल तर तयम्मुम, स्वच्छ मातीवर. ही सगळी प्रवाशाची सोय आहे.

मुसाफिर कोण? हनफी मतात तीन दिवसांची वाट तोडणारा. उलेमांनी आपल्याकडे ते अंतर ४८ मैल धरले, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर. या हिशेबाने नांदेडहून कंधारच्या उरुसाला जाणारा मुसाफिर ठरत नाही, लातूरला जाणारा ठरतो. मुक्काम १५ दिवस किंवा अधिक करायची नियत केली की तो मुकीम, म्हणजे तिथला रहिवासी, आणि मग नमाज पूर्ण.

आता खरा प्रश्न. ज्याला घरच नाही, जो जन्मभर तंबूत राहतो आणि चाऱ्यामागे फिरतो, तो कोण? आयुष्यभर मुसाफिर? बाराव्या शतकात फरगाना खोऱ्यातल्या मर्गिनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया' या ग्रंथात हा प्रश्न विचारला आहे. हनफी मदरशांत तो ग्रंथ शतकानुशतके शिकवला जातो. त्यात मतभेद नोंदवून निर्णय दिला आहे की अधिक बरोबर मत हे की तंबूत राहणारे लोक मुकीमच आहेत. माणसाची मूळ अवस्था राहण्याची असते. एका कुरणातून दुसऱ्या कुरणात गेल्याने ती मोडत नाही.

आठशे वर्षांपूर्वीच्या फकीहाने जे ओळखले ते साधे आहे. घर हलले म्हणून माणूस बेघर होत नाही. तो जिथे आहे तिथे घरी आहे. इंग्रजी कायद्याने याच माणसाला गुन्हेगार म्हटले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण पुढे त्याच माणसाला रेशनकार्ड, जातीचा दाखला, मतदार यादी प्रत्येक ठिकाणी विचारले गेले, 'कायमचा पत्ता?' ज्या देशात पत्त्याची सुरुवातच 'मुक्काम' शब्दाने होते, तिथे हा प्रश्न पालातल्या माणसाचे तोंड बंद करतो.

छोटी गाडी, मीटर गाडी, लाल गाडी

बैलगाडीची सद्दी रेल्वेने एकदम संपवली नाही. नांदेडला मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज गाडी एकोणिसावे शतक संपताना आली. लातूरला आली ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर बांधलेली छोटी गाडी. ती १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूरची बाजारपेठ मोठी होण्यात या छोट्या गाडीचा मोठा वाटा आहे. कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदलायची, म्हणून तिथे सगळे सामान उतरवून पुन्हा चढवायचे. हमालांचे पोट त्यावर आणि प्रवाशांचे हाल त्यावर. लातूर आणि नांदेड ही एकमेकांपासून सुमारे १४० किलोमीटरवरची शहरे. पण एकाची रेल्वे एका मापाची, दुसऱ्याची दुसऱ्या मापाची. आजही रेल्वेने लातूरहून नांदेड गाठायचे तर परळी-परभणी-पूर्णा असा वळसा पडतो.

जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच मोटार बस सुरू केली. २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी यांवर निजाम स्टेट रेल्वेचा रस्ते वाहतूक विभाग उभा राहिला. सरकारने स्वतः चालवलेली देशातली ही फार सुरुवातीची बससेवा. मुंबई राज्यातली एस.टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. एस.टी.ची जयंती साजरी करताना मराठवाड्याने ही आपली सोळा वर्षे मोजायला हरकत नाही.

बसने काय केले? घर मागे ठेवायला शिकवले. गाडीत चूल नाही, गादी नाही, पडदा नाही. तिकीट काढायचे, शेजारी कोण बसला ते विचारायचे नाही आणि संध्याकाळी घरी परतायचे. दमणीत जातीची आणि कुटुंबाची भिंत चाकांवर बरोबर येत असे. बसच्या बाकावर ती निदान दोन-तीन तास तरी खिळखिळी झाली. मुली शिकायला तालुक्याला जाऊ लागल्या त्या याच लाल गाडीने. आठवणींच्या बाजारात एस.टी.ला भाव कमी आहे, कारण तिच्यात धूळ, गर्दी आणि खडखडाट होता. पण सोय कुणाची झाली याचा हिशेब मांडला तर दमणी तिच्या जवळपासही येत नाही.

ज्या प्रवासाची कुणी आठवण काढत नाही

गाडीत घर भरून निघण्याची एक वेगळी आठवण मराठवाड्यात आहे. ती सांगायला सगळेच कचरतात. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाला कंटाळून सीमेवरच्या गावांतली हिंदू कुटुंबे भांडी-कुंडी गाडीत टाकून सरहद्दीपलीकडे बार्शी, उमरखेड अशा भागांत गेली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करणारा माणूस. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि मग मुसलमान कुटुंबे खेडी सोडून निघाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात सर्वात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते.

रस्ते तेच, बैल तेच, तट्ट्याची कमान तीच. एका वर्षी आत बसलेले एका धर्माचे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. अनेक घरांत जुन्या दमणीबद्दल विचारले की म्हातारी माणसे उरुसाचे सांगता सांगता मध्येच गप्प होतात. आठवणीला दोन दारे असतात. जाहिरात एकच उघडते.

आजच्या दोन गाड्या

आज नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर दसरा-दिवाळीच्या सुमारास घर भरलेल्या गाड्या निघतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर टायरगाडीत धान्याची पोती, भांडी, पांघरुणे, कोंबड्या, लहान मुले आणि वर बांबू-चटया. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परतायचे नाही. कारखान्याच्या माळावर त्याच बांबू-चटयांची कोपी उभी राहते. त्यात पुढचे पाच-सहा महिने संसार. बीड जिल्ह्याचे नाव यात जास्त घेतले जाते, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या तांड्यांतून आणि खेड्यांतूनही टोळ्या जातात. पहाटे अंधारात बाई फडात जाते. नहाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचे. मूल उसाच्या सरीत निजवायचे.

स्टेबल्सच्या 'वाँडरर'मध्ये पुस्तकांचे कपाट होते. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाऊन वाट मोकळी करी आणि गाडीवान घोडे सांभाळी. अकबराच्या एका छावणीमागे हजारावर माणसे राबत. दमणीत चूल पेटवणारी बाई होती. घर हलवायचे तर कुणीतरी ते उचलावे लागते. आता ते काम पेट्रोल आणि बॅटरी करतात, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. हौसेने फिरणाऱ्यांवर माझा राग नाही. आई-वडिलांना गाडीतच झोपायची सोय असेल, मधुमेह असलेल्या माणसाला वाटेत स्वतःचा संडास असेल, वजूला पाणी आणि जानमाज अंथरण्याइतकी जागा असेल, तर अशा गाडीतून मी आनंदाने कंधारला, औशाला, उदगीरला जाईन.

फक्त एक मागणे आहे. कॅराव्हॅन धोरणात गाड्या थांबण्यासाठी 'कॅराव्हॅन पार्क' सांगितली आहेत. तिथे पाणी, वीज, रस्ता आणि स्वच्छतागृह असावे अशी अपेक्षा आहे. ही यादी बरोबर आहे, चाकावरच्या घराला एवढेच लागते. हीच यादी साखर कारखान्याच्या माळावरच्या कोप्यांना लावावी, आणि गावाबाहेर चार-सहा दिवस पाल ठोकणाऱ्या दरवेशी, मदारी, गारुडी कुटुंबांनाही. पाण्याचा नळ, दिव्याचा खांब, संडास आणि तिथपर्यंतचा रस्ता. हंगामापुरती शाळा त्यात पाचवी घालता आली तर आणखी बरे. आठवणीपोटी घर चाकावर नेणाऱ्याला सरकार जे देऊ करते, ते पोटासाठी घर चाकावर नेणाऱ्याला आधी मिळायला हवे. त्याच्या फॉर्मवरच्या 'कायमचा पत्ता' या रकान्यात मु. पो. पुढे तो आज जिथे आहे त्या माळाचे नाव लिहून घ्यायलाही काही अडचण नसावी.